खडकीचे पाणी आणि आफ्रिकेचा हापसा

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. फाटलेली जमीन, हाडांचा सापळा झालेली मुले, संयुक्त राष्ट्रसंघाचे पांढरे तंबू आणि हातात भांडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाया. हे चित्र खोटे नाही. पण ते अपुरे आहे आणि त्यामुळे आपल्या मनात एक चुकीची समजूत पक्की झाली आहे. देणारे जग वेगळे, घेणारे जग वेगळे, आणि आफ्रिका ही कायमची घेणाऱ्यांच्या रांगेत, अशी ती समजूत. मराठवाड्यातल्या माणसाने तरी ती बाळगू नये. कारण आपण रोज जी भाकरी खातो, तीच मुळात आफ्रिकेची देणगी आहे.

ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्ये आफ्रिकेत माणसाळली. ज्वारीचे मूळ सुदानच्या बाजूचे, बाजरीचे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती समुद्रमार्गे आपल्याकडे आली आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत अशी रुजली, की ती परकी आहेत हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. कमी पाण्यावर तग धरणारे हे बियाणे आले नसते, तर गोदावरीच्या खोऱ्यात एवढी वस्ती कशाच्या आधारावर जगली असती, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. शेतकऱ्याच्या उपजीविकेला हातभार लावणे यालाच आज ‘मदतकार्य’ म्हणतात. त्या अर्थाने पहिली मदत तिकडून इकडे आली, आणि तिच्यावर कोणत्याही संस्थेचा शिक्का नव्हता.

दुसरी देणगी एका माणसाच्या रूपाने आली. औरंगाबादच्या वाचकांना मलिक अंबरची ओळख करून द्यायची गरज नाही, पण काही गोष्टी पुन्हा सांगितल्या पाहिजेत. साधारण १५४८ मध्ये हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान, बगदाद अशा बाजारांतून फिरत तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही हबशीच होता. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, शिपाई झाला, सरदार झाला आणि १६०० नंतर बुडत्या निजामशाहीचा खरा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी या लहानशा गावाला राजधानी केले. हेच पुढे फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर.

मलिक अंबरची कीर्ती आपल्याकडे गनिमी काव्याच्या लढायांसाठी सांगितली जाते. मालोजीराजे आणि शहाजीराजे यांचे त्याच्याशी आलेले संबंध, १६२४ ची भातवडीची लढाई वगैरे. मला मात्र त्याच्या दोन कामांचे मोल अधिक वाटते. एक म्हणजे जमीन महसुलाची व्यवस्था. जमिनीचा कस पाहून, प्रत्यक्ष पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवण्याची त्याची पद्धत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आठवली गेली. शेतकऱ्याला लुटून सैन्य पोसता येते, पण दुसऱ्या वर्षी लुटायला शेतकरी उरत नाही, हे त्याला कळत होते. दुसरे काम म्हणजे नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले जमिनीखालचे पाणी भुयारी मार्गाने उतारावर आणायचे, ठरावीक अंतरावर मनोरे उभारून त्यातली हवा आणि दाब सांभाळायचा आणि खापरी नळांतून शहरातल्या हौदांत सोडायचे. ना मोट, ना रहाट, ना इंजिन. पुढे या नहरीच्या धर्तीवर आणखी नहरी निघाल्या. पाणचक्की हे त्यांतल्याच एका नहरीचे फळ. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात त्या पाण्यावर जाते फिरायचे आणि फकीर, मुसाफिर, यतीम यांच्यासाठी पीठ दळले जायचे. आश्रिताला अन्न आणि पाणी देण्याची एवढी सुबक व्यवस्था या शहरात तेव्हा होती.

मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. खुलदाबादला त्याची कबर आहे. लोक जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्यावर जातात, अंबरच्या घुमटाकडे फार थोडे वळतात. ज्याने पाणी दिले त्याची आठवण पाण्यासारखीच वाहून जाते की काय कोण जाणे.

आता साडेतीन शतके ओलांडून १९७२ मध्ये येऊ.

त्या दुष्काळाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. १९७० पासून पाऊस हुलकावणी देत होता, १९७२ मध्ये त्याने पाठच फिरवली. खडी फोडण्याची, पाझर तलावांची, रस्त्यांची कामे निघाली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख मजूर होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. लोक भुकेने मेले नाहीत, याचे मोठे श्रेय त्या कामांना द्यावे लागते. पण कामावरच्या त्या पन्नास लाखांत निम्म्याच्या आसपास बायका होत्या, हे कोणी मोठ्याने सांगत नाही. पोटुशी बाई खडी फोडत होती. बाळंतीण झाडाला झोळी बांधून टोपले उचलत होती. सुकडी मुलांना मिळत होती, आईला मिळत होतीच असे नाही.

रेशनवर तेव्हा लाल मिलो आली. ती खाल्लेली पिढी अजून तिचे नाव काढले की तोंड वाकडे करते. अमेरिकेत जनावरांना घालतात ते धान्य आपल्याला दिले, हा राग त्यामागे आहे आणि तो रास्तही आहे. पण मिलो म्हणजे ज्वारीच. गुलामांच्या व्यापाराच्या काळात आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली. म्हणजे आफ्रिकेची ज्वारी एका वाटेने दख्खनमध्ये आली आणि आपली भाकरी झाली. दुसऱ्या वाटेने अमेरिकेत गेली, तिथून जहाजात बसून मदत म्हणून आली आणि अपमान झाली. धान्य तेच. फरक देण्याच्या रीतीत होता.

त्या वर्षांत खेडी सोडून शहराकडे निघालेल्या माणसांना कोणी निर्वासित म्हटले नाही. निर्वासित या शब्दाला आपल्याकडे फाळणीचा वास आहे. मराठवाड्यापुरते बोलायचे तर १९४८ चाही आहे. रझाकारांच्या जाचाने निजामाच्या राज्याबाहेर छावण्यांत गेलेली हिंदू कुटुंबे आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतून जीव मुठीत घेऊन हैदराबादकडे पळालेली मुसलमान कुटुंबे, दोन्ही याच मातीतली. पहिल्यांची नोंद शाळेच्या पुस्तकात आली, दुसऱ्यांची सुंदरलाल समितीच्या अहवालात आली आणि तो अहवाल कितीतरी वर्षे दडपून राहिला. ज्यांच्या घरात अशी एखादी आठवण आहे, त्यांना दारफुरमधल्या किंवा दक्षिण सुदानमधल्या बाईचे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

दुष्काळाने हललेली माणसे मात्र कोणत्याच यादीत बसली नाहीत. ती औरंगाबादच्या कडेला येऊन राहिली. पूर्वेला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत उभी राहत होती, सिडकोचे नवे औरंगाबाद आखले जात होते, आणि या दोन्हींच्या बेचक्यात, रेल्वेरुळाच्या आणि जालना रस्त्याच्या मध्ये मुकुंदवाडी होती. गवंड्याच्या हाताखालचे, बिगारी, कारखान्यातले हंगामी कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाया. जातधर्म पाहाल तर सगळा मराठवाडा तिथे एका गल्लीत सापडेल. त्यांच्या घामावर सिडकोच्या टाक्या बांधल्या गेल्या. त्यांच्या स्वतःच्या वस्तीला पाणी दिले ते बहुतेक हापशाने.

या हापशाची कथा सांगण्यासाठीच खरे तर हा लेख.

दख्खनचा दगड काळा बसाल्ट. त्यात पाणी असते ते भेगांत, खूप खोल. विहीर खणायची तर सुरुंग लावावे लागतात आणि दुष्काळात ती पहिल्यांदा आटते. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफने कठीण खडकात भोक पाडणारी हवेच्या दाबावरची यंत्रे भारतात आणली. त्यानंतर दिवसाचे काम तासांवर आले आणि देशभर बोअर पडू लागले. पण बोअरवर बसवायचे काय? कारखान्यांनी बिडाचे पंप ओतून दिले. ते युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या पंपांची नक्कल होते. तिथे एक कुटुंब दिवसातून चारदा दांडा हलवणार. इथे पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत अख्खे गाव त्याला लोंबकळणार. बीड तडकायचे, खिट्टी झिजायची, वायसर फाटायचे. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा दर चार पंपांमागे तीन बंद सापडले. कोट्यवधी रुपयांची भोके जमिनीत पडली होती आणि वर गंजलेला सांगाडा उभा होता. मदत पोचली होती, पाणी पोचले नव्हते.

या आजारावर औषध निघाले ते आपल्या शेजारी, जालन्यात. चर्चशी संलग्न असलेल्या स्वयंसेवी संस्था तेव्हा महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात बोअर घेत होत्या. आपणच बसवलेला पंप महिनाभरात बंद पडतो आणि लोक पुन्हा आपल्याच दारात येतात, हे त्यांना रोज दिसत होते. म्हणून जालन्याच्या कार्यशाळेत त्यांनी बीड टाकून दिले आणि पोलादी पत्रा व नळ्या वेल्डिंग करून नवा पंप केला. अनेक सांध्यांऐवजी एकच मजबूत सांधा. हा ‘जालना पंप’. त्यात सुधारणा करून सोलापुरात जो झाला तो ‘सोलापूर पंप’. त्यात दांड्याच्या टोकाला कमानीसारखा तुकडा आणि त्यावरून उतरणारी साखळी होती. दांडा वरखाली झाला तरी आतली सळई सरळच ओढली जाते, वाकडी होत नाही, म्हणून झीज कमी. गोष्ट एवढीशी. पण त्या काळात भारतात सर्वांत जास्त टिकलेला पंप हाच होता. या पंपांना कोणा साहेबाचे नाव लागले नाही, गावांची नावे लागली. मला हे फार आवडते.

केंद्र सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मग याच सोलापूर पंपाचा पाया धरला. मुंबईत स्थापन झालेल्या आणि तेव्हा सरकारी मालकीच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीच्या मद्रासच्या कारखान्यात नमुने बनले, तमिळनाडूच्या खोल बोअरवर त्यांची परीक्षा झाली आणि १९७७ नंतर ‘इंडिया मार्क टू’ या नावाने मोठ्या संख्येने पंप तयार होऊ लागले. १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक ठरले. नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवले गेले. पेटंट नाही, स्वामित्वधन नाही. ज्याला बनवायचा त्याने मापे पाळून बनवावा. पन्नास मीटर खोलीवरचे पाणी एका बाईच्या हाताच्या जोरावर वर आणणारा हा पंप आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मशिदीच्या अंगणात वजूसाठी, शाळेच्या कोपऱ्यात, महारवाड्याच्या तोंडाशी. त्याचा तो निळा-राखाडी, तीन पायांवर उभा असलेला आकार इतका ओळखीचा आहे, की त्याच्याकडे आपण नीट पाहतच नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ ते १९९० हे पिण्याच्या पाण्याचे दशक म्हणून पाळले. त्या दशकात इंडिया मार्क टू समुद्रापार गेला. सुदान, माली, घाना, नायजेरिया, युगांडा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे सुमारे पन्नास लाख पंप बसले, असे मानले जाते. जगात इतका वापरला गेलेला दुसरा हातपंप नाही. युगांडात त्याचे यू-टू आणि यू-थ्री असे स्थानिक प्रकार तयार झाले. दक्षिण सुदानमध्ये तर खोल बोअरवरचा ठरलेला पंपच हा. मलिक अंबरने खडकीला पाणी दिले आणि साडेतीनशे वर्षांनी खडकीच्या शेजारच्या गावातली युक्ती आफ्रिकेला गेली. ही परतफेड कोणी ठरवून केली नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण इतिहासात अशा न ठरवलेल्या गोष्टी बऱ्याच वेळा ठरवलेल्यांपेक्षा जास्त टिकतात.

निर्वासितांच्या छावणीत या पंपाचे मोल काय, हे आकड्यांत सांगता येते. आपत्तीत मदत करणाऱ्या जगभरच्या संस्थांनी ‘स्फिअर’ नावाची किमान मानके मान्य केली आहेत. माणशी रोज किमान पंधरा लिटर पाणी. पाणवठा घरापासून पाचशे मीटरपेक्षा लांब नको. एका हातपंपावर पाचशेहून अधिक माणसे नकोत. युद्धातून पळून आलेल्या, काहीच हाती न उरलेल्या माणसासाठीची ही किमान मर्यादा आहे, चैनीची नव्हे.

युगांडाची रीत यात वेगळी आहे आणि आपण ती समजून घ्यावी अशी आहे. २००६ च्या कायद्याने तिथे निर्वासिताला काम करण्याचा, फिरण्याचा हक्क आहे. तारेच्या कुंपणाऐवजी त्याला जमिनीचा तुकडा मिळतो. दक्षिण सुदानच्या यादवीतून पळालेल्यांसाठी २०१६ मध्ये बिडीबिडी ही वसाहत उघडली. काही महिन्यांत तिथे दोन लाखांहून जास्त माणसे आली. कुटुंबाला साधारण तीस मीटर लांब-रुंद तुकडा, त्यावर झोपडी आणि उरलेल्यात भाजी, मका, ज्वारी. एवढ्यात पोट भरत नाही. तीस बाय तीसचा तुकडा म्हणजे आपल्याकडचे जेमतेम नऊ गुंठ्यांचे वावर, त्यावर कोण जगेल? तरीही हातात खुरपे असलेला माणूस आणि हातात फक्त रेशनकार्ड असलेला माणूस यांत फरक असतो. याच युगांडाने १९७२ मध्ये, आपल्याकडे दुष्काळ असताना, इदी अमीनच्या हुकमाने हजारो आशियाई कुटुंबांना तीन महिन्यांत देशाबाहेर घालवले होते, हेही विसरू नये. एकच भूमी एकाला हाकलते, दुसऱ्याला जागा देते.

आणि पंप? पंपाने तिथेही दगा दिला. युगांडातले भूजल काही भागांत आम्लधर्मी आहे. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ त्यात गंजतात, पाणी तांबडे येते, डाळ शिजत नाही, कपड्यांवर डाग पडतात. मग बाया तो पंप सोडून पुन्हा डबक्याकडे जातात. युगांडाच्या सरकारने २०१६ मध्ये अखेर हे नळ वापरायला मनाई केली. २००९ च्या एका मोठ्या अंदाजानुसार आफ्रिकेतल्या वीस देशांत सुमारे ३६ टक्के हातपंप बंद होते. महाराष्ट्रात १९७४ मध्ये जे पाहिले तेच. नवा पंप बसवायला दाता मिळतो, जुन्याचे वायसर बदलायला मिळत नाही.

इथे आपल्या समाजाशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पाणी पाजणे हा आपल्याकडे श्रेष्ठ सदका मानला जातो. हजरत साद बिन उबादा यांनी आईच्या नावाने विहीर दिली, हजरत उस्मान यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हारून रशीदची बेगम झुबैदा हिने हाजींसाठी नहर काढली. हे आपण लहानपणापासून ऐकतो. आज मुस्लिम संस्था आफ्रिकेत मरहूम आईवडिलांच्या नावाने हातपंप बसवून देतात. त्यावर नावाची पाटी लागते, फोटो येतो. नियत चांगलीच असते, तिच्यावर शंका नाही. पण सदका-ए-जारिया याचा अर्थच मुळी ‘वाहत राहणारा’ सदका. पाटी शाबूत आणि पंप बंद, तर वाहते काय? तमिळनाडूने हातपंपांसाठी तीन पायऱ्यांची व्यवस्था केली होती. गावात लक्ष ठेवणारा माणूस, तालुक्याला मिस्त्री, जिल्ह्याला दुरुस्तीची गाडी. पुढे इंडिया मार्क थ्री आला तो सगळे नळ न उपसता आतला दट्ट्या काढता यावा म्हणून, म्हणजे गावातल्या लोकांनाच दुरुस्ती जमावी म्हणून. उत्तर प्रदेशातल्या बांद्यात १९९० च्या दशकात दलित बायकांनी पाने हातात घेऊन हापसे दुरुस्त केले. जकातीचा काही हिस्सा अशा मिस्त्रीच्या पगारावर का जाऊ नये? उलेमांनी यावर विचार करावा. मी फक्त प्रश्न मांडतो आहे.

पाण्याइतकाच बाळंतपणाचा प्रश्न जुना. इथेही मराठवाड्याच्या वेशीवरून एक वाट आफ्रिकेकडे गेलेली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. जामखेड नगर जिल्ह्यात, पण बीडच्या उंबरठ्यावर. दुष्काळ पडला तेव्हा लोकांना दवाखान्यापेक्षा पाणी हवे होते, म्हणून त्यांनी आधी बोअर घेतले. आणि हापसा दलितवस्तीत बसेल अशी व्यवस्था केली. पाणी हवे असेल तर पाटलाच्या घरच्या बाईला तिथे यावे लागेल. जातीवर इतके साधे औषध मी दुसरे ऐकलेले नाही.

आरोळे दांपत्याचे मुख्य काम मात्र वेगळे होते. त्यांनी निरक्षर, परित्यक्ता, दलित, मुसलमान अशा बायकांना गावाच्या आरोग्य सेविका केले. कोणत्या गरोदर बाईच्या पायावर सूज आहे, कोणाचे बाळ आडवे आहे, कोणाला लगेच गाडीत घालायचे, हे त्या बायकांनी शिकून घेतले. मूल होताना मरणारी बाई ही अल्लाहची मर्जी किंवा नशीब नसून बहुतेक वेळा उशिरा निघालेली बैलगाडी असते, हे त्यांनी गावाला पटवले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडचे प्रकरण टांझानिया आणि नायजर या आफ्रिकी देशांच्या प्रकरणांबरोबर छापले गेले. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेमागे अशा प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे आफ्रिकेतूनही कार्यकर्ते जामखेडला शिकायला येऊ लागले. माळावरच्या बाया त्यांना शिकवत होत्या.

२००३ मध्ये इथिओपियाने, म्हणजे मलिक अंबरच्या मायभूमीने, गावोगावी आरोग्य सेविका नेमायला सुरुवात केली. काही वर्षांत त्यांची संख्या तीस हजारांवर गेली. जवळजवळ सगळ्या तरुण बायका, गावपातळीच्या प्रत्येक केंद्रात दोन, सरकारी पगारावर. भारतात २००५ मध्ये आशा आल्या. काम साधारण तेच. पण आपल्या आशाताईला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. त्यासाठीही तिला मोर्चे काढावे लागतात. गरीब म्हणून आपण ज्या देशाची कीव करतो, त्याने या बाबतीत आपल्यापेक्षा नीट विचार केला, हे मान्य करायला हरकत नसावी.

मदतीच्या जगात अलीकडे वारे फिरले आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले आणि एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली. लाखो दारफुरी बाया-पोरे चाडच्या सीमेवर येऊन पडली. त्याच काळात युगांडातल्या निर्वासितांचे रेशन कापले गेले, आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्थाच मोडीत काढली. ज्या बाळंतपणाच्या केंद्रांचा औषधांचा पुरवठा त्या पैशांवर चालत होता, त्यांचे काय होते हे वाचकांनी कल्पनेने ताडावे. परक्याच्या खिशावर चालणारी मदत परक्याच्या मर्जीने थांबते. मिलो खाल्लेल्या माणसाला हे नवीन नाही.

आणि मुकुंदवाडी? नाथसागर इथून साठेक किलोमीटरवर. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले, त्यासाठी शंभरावर गावे उठली. धरण झाले, शहराला नळ आले. मुकुंदवाडीच्या कडेच्या काही वस्त्यांना आले नाहीत. बोअर आधी शंभर फूट, मग दोनशे, मग त्याहून खाली गेले, आणि पन्नास मीटरच्या खाली गेलेल्या पाण्यापुढे हापसाही हात टेकतो. २०१९ च्या उन्हाळ्यात इथली नऊ-दहा वर्षांची मुले घागरी आणि कॅन घेऊन मुकुंदवाडी स्टेशनवर रेल्वेत चढत, औरंगाबाद स्टेशनवर नळावर पाणी भरत आणि परतीच्या गाडीने येत. जाऊन-येऊन सुमारे चौदा किलोमीटर. गाडी उशिरा आली तर शाळा बुडायची. ही बातमी जगभर छापून आली. लांबच्या देशांतल्या वाचकांनी ती ज्या नजरेने वाचली असेल, ती नजर आपल्या ओळखीची आहे. त्याच नजरेने आपण आफ्रिकेची छायाचित्रे पाहतो.

स्फिअरच्या मानकाने निर्वासिताला पाणी पाचशे मीटरच्या आत मिळाले पाहिजे. मुकुंदवाडीच्या पोराला ते सात किलोमीटरवर मिळत होते. आणि तो तर आपल्याच गावात, आपल्याच घरी राहत होता.

डिसेंबर २०२० मध्ये शहरासाठी १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन झाले. खर्च त्यानंतर वाढत गेला, मुदती टळत गेल्या. पाणचक्कीच्या हौदात मात्र पाऊस बरा झाला, की चारशे वर्षांपूर्वी या शहराने शिकलेल्या युक्तीने डोंगरातून आलेले पाणी अजूनही पडते. पर्यटक त्याचे फोटो काढतात.